वृद्ध मायबापांची सेवा आणि शासनाचा वाटा

आपल्या धर्मग्रामातील कोणतीही आळी घ्या. आजी किंवा आजोबा अंथरुणाला खिळलेले आहेत, असे एखादे घर तेथे हमखास आढळते. एक मुलगा आखातात असतो, दुसरा पहाटेची लोकल पकडून मुंबईला जातो आणि दिवसरात्र शुश्रूषा करते ती घरातील सून किंवा अविवाहित मुलगी. औषधे, डायपर, रात्रीची आया, महिन्याकाठी डॉक्टरांची घरभेट या सर्वांचा खर्च कुटुंबच उचलते. मायबापांची सेवा हे मुलांचे कर्तव्य आहे यात शंका नाही. तथापि, या कर्तव्यात शासनाचा वाटा किती, कररचनेत त्याची दखल कशी घेतली जाते आणि आपल्या हक्काचे आपण किती पदरात पाडून घेतो, हे समजून घेणे आवश्यक आहे.

प्राप्तिकरातील सवलती

प्राप्तिकराच्या आज दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत वयाचा विचार केलेला आहे. साठ वर्षे पूर्ण केलेल्यांना ३ लाखांपर्यंत, तर ऐंशी वर्षे पूर्ण केलेल्यांना ५ लाख रुपयांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त असते. बँक, सहकारी बँक व पोस्टातील ठेवींच्या व्याजावर ज्येष्ठांना ५० हजार रुपयांची वजावट मिळते. ज्येष्ठ आईवडिलांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरणाऱ्या मुलाला वा मुलीला ५० हजारांपर्यंत वजावट मिळते. आईवडिलांचा विमाच नसेल, तर त्यांच्या औषधोपचारांचा खर्च त्याच मर्यादेत दाखवता येतो. मात्र ही रक्कम रोखीने दिलेली चालत नाही. ती धनादेशाने अथवा बँकेमार्फत दिलेली असावी लागते. कर्करोगासारख्या विहित गंभीर आजारांवर ज्येष्ठांसाठी केलेल्या खर्चाला १ लाखापर्यंत, तर अवलंबून असलेल्या अपंग आप्ताच्या संगोपनासाठी ७५ हजार आणि तीव्र अपंगत्व असल्यास सव्वा लाख रुपयांची वजावट आहे.

नवी पद्धत वेगळी आहे. २०२३-२४ या वर्षापासून, करदात्याने दुसरा पर्याय निवडला नाही तर तीच लागू होते. तिच्यात साठीचा माणूस आणि पंचविशीचा तरुण यांच्यात फरक नाही. सर्वांनाच ४ लाखांची मर्यादा आहे. २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करात पूर्ण सूट मिळते. शेअर विक्रीच्या नफ्यासारखे विशेष दराने करपात्र उत्पन्न त्यात धरले जात नाही. निवृत्तिवेतन व ठेवींच्या व्याजावर जगणाऱ्या बहुतेक ज्येष्ठांना ही पद्धत लाभदायक आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्या मुलाचे वेतन या मर्यादेच्या वर आहे आणि जो आईवडिलांच्या विम्यावर व आजारपणावर खर्च करतो, त्याला वर सांगितलेल्या वजावटींपैकी एकही येथे मिळत नाही. कराचे दर कमी झाले, पण सेवेची नोंद पुसली गेली. म्हणून विवरणपत्र भरण्यापूर्वी दोन्ही पद्धतींनी हिशेब करून पाहावा. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्यांना दरवर्षी पर्याय बदलता येतो.

१ एप्रिल २०२६ ही प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू होण्याची तारीख आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी जुन्या पद्धतीतील या वजावटी कायम आहेत. ज्येष्ठांच्या व्याजावरील करकपातीची मर्यादा एप्रिल २०२५ पासून वर्षाला १ लाख रुपये झाली आहे. व्याज त्याहून अधिक असूनही कर देय नसेल, तर तसे घोषणापत्र (जे अनेक वर्षे १५एच या क्रमांकाने ओळखले गेले) वर्षारंभीच बँकेत द्यावे. आणखी एक दिलासा म्हणजे, वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला आहे.

ज्यांना कर लागतच नाही

शेतमजुरी, मासेमारी, घरकाम यांत आयुष्य वेचलेल्या वृद्धांना करसवलतीचा उपयोग काय? ज्याला कर भरावा लागत नाही, त्याला सूटही मिळत नाही. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. ६५ वर्षांवरील निराधारांना दिले जाणारे हे अनुदान २०२३ मध्ये महिना १,००० रुपयांवरून १,५०० रुपये करण्यात आले. परंतु नियमात कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार, म्हणजे महिन्याला अवघे १,७५० रुपये ठेवण्यात आली. इतक्या रकमेत कोणते कुटुंब जगू शकते, हा प्रश्न शासनाला विचारलाच पाहिजे. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठी केंद्र सरकारचे निवृत्तिवेतन ७९ वर्षांपर्यंत २०० आणि ८० वर्षांपासून पुढे ५०० रुपये इतकेच आहे.

आरोग्याच्या बाबतीत मात्र मोठे पाऊल पडले आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण मिळते. त्यासाठी आधारच्या साहाय्याने आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्यावे लागते. आजारपण येण्याची वाट न पाहता ते आधीच काढणे शहाणपणाचे ठरेल. घरी पडून असलेल्या रुग्णाची शुश्रूषा मात्र या संरक्षणात येत नाही.

सेवा करणाऱ्यांचे काय?

येथेच आपल्या व्यवस्थेतील मोठी उणीव दिसते. आजारी सासूसाठी नोकरी सोडणाऱ्या सुनेला भत्ता नाही, तिच्या भविष्यनिर्वाहाची तरतूद नाही आणि आयाच्या पगाराला करात स्वतंत्र वजावटही नाही. जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषा विमा सक्तीचा आहे. घरी सेवा घेणाऱ्या रुग्णाला त्यातून रोख रक्कम मिळते आणि ठरावीक तास सेवा करणाऱ्या नातेवाइकाच्या निवृत्तिवेतनाचा हप्ताही भरला जातो. जपानने २००० साली अशीच योजना आणली. तेथे चाळिशीपासून प्रत्येकजण हप्ता भरतो आणि रोख पैशांऐवजी प्रत्यक्ष सेवा मिळते. आपल्या देशात केरळ राज्याने 'आश्वासकिरणम' योजनेद्वारे अंथरुणावरील रुग्णांची काळजी घेणाऱ्यांसाठी महिना ६०० रुपयांचे साहाय्य सुरू केले. रक्कम तुटपुंजी खरी, पण सेवा हे श्रम आहेत ही कबुली त्यात आहे.

दानपत्र करण्यापूर्वी

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ नुसार उपेक्षित आईवडिलांना न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा महिना १० हजार रुपये आहे आणि अर्ज साधारणतः ९० दिवसांत निकाली काढणे अपेक्षित आहे. अपत्यहीन ज्येष्ठांना, ज्या आप्ताला त्यांची मालमत्ता मिळणार आहे त्याच्याकडून निर्वाह मागता येतो.

जमीन वा घर मुलांच्या नावे करून देताना एक दक्षता अवश्य घ्यावी. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, कलम २३ अन्वये परत मिळू शकते. तथापि, अशी अट होती हे सिद्ध व्हावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे लावावा असे म्हटले आणि एका मातेला तिची मालमत्ता परत मिळवून दिली. तरीही ती अट दस्तऐवजातच लेखी असणे केव्हाही श्रेयस्कर. त्यात मुलांवर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही.

हे सर्व वाचून एखादा वृद्ध म्हणेल, "अर्ज कोण भरणार, कचेरीत कोण नेणार?" याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल. धर्मग्रामातील शिकलेल्या तरुणांनी महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर तासभर बसून ज्येष्ठांचे अर्ज भरून दिले, कार्डे काढून दिली, तर अनेक घरांना आधार मिळेल. आणि शेजारची सून वर्षानुवर्षे सासऱ्यांची सेवा करीत असेल, तर एखादी दुपार आपण तिच्या जागी बसावे. शासनाचा वाटा आपण मागतच राहू, पण तो मिळेपर्यंत तिला विसावा देणे आपल्या हाती आहे.