रेडिओच्या दोन सुरांवर चालणारी टपाल

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जात असताना आणि तिथली पॅकेट यंत्रणा चालू असताना हॅम रेडिओ १४५.८२५ मेगाहर्ट्झवर लावला, तर मधूनमधून 'खर्रर्र' असा सेकंदभराचा आवाज येतो. कानाला तो नुसता गोंगाट वाटतो. पण पाठवणाऱ्याचे कॉलसाइन, ज्याला निरोप द्यायचा त्याचे कॉलसाइन, मजकूर आणि तो बिनचूक पोचला का हे तपासायची खूण, हे सगळे त्यात भरलेले असते. हाच पॅकेट रेडिओ. १९७१ साली हवाई विद्यापीठाने बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडले होते. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या हौशी रेडिओवाल्यांनी १९७८ मध्ये तीच कल्पना आपल्या छंदात आणली.

ट्रान्सीव्हर, म्हणजे पाठवणारा आणि ऐकणारा रेडिओ, बनवलेला असतो बोलण्यासाठी. त्याला शून्य आणि एक कळत नाहीत. म्हणून संगणकाचा निरोप आधी १२०० आणि २२०० हर्ट्झ या दोन सुरांत बदलावा लागतो. सूर पालटला की शून्य, तोच राहिला की एक. वेग सेकंदाला १२०० बिट, म्हणजे जेमतेम १५० अक्षरे. प्रत्येक पॅकेटच्या शेवटी १६ बिटांची तपासणी-बेरीज असते. एक बिट जरी चुकला तरी ती जुळत नाही आणि अख्खे पॅकेट टाकून दिले जाते. त्यामुळे अर्धामुर्धा, मोडका निरोप इथे पडद्यावर येतच नाही. जोडणी करून बोलणारी दोन केंद्रे असतील तर पोच मिळेपर्यंत पॅकेट पुन्हा पाठवले जाते.

पूर्वी या कामाला वेगळा डबा लागे. आता लॅपटॉपचे साउंड कार्ड आणि 'डायरवुल्फ'सारखे मोफत सॉफ्टवेअर पुरते. गाडीत बसवायच्या बऱ्याच ट्रान्सीव्हरना मागे सहा पिनांचे डेटा सॉकेट असते. तारांची कामे तीनच: संगणकाचा आवाज रेडिओत नेणे, रेडिओचा आवाज संगणकात आणणे आणि प्रक्षेपणाची कळ दाबणे. आवाजाच्या दोन्ही तारांत छोटे ट्रान्सफॉर्मर घातले की संगणकाची घरघर प्रक्षेपणात शिरत नाही.

जोडणी झाली, दिवा लागला, तरी पलीकडे काहीच पोचत नाही, हा नवशिक्यांचा नेहमीचा अनुभव. अशा वेळी अनेक जण अँटेना बदलतात, शक्ती वाढवतात. माझ्या मते आधी पाहावी ती आवाजाची पातळी. एफएम प्रक्षेपक वरच्या सुरांना मुद्दाम जोर देतो. आवाज जास्त सोडला की २२०० हर्ट्झचा सूर आधी मर्यादेला जाऊन आदळतो, त्याचा माथा छाटला जातो आणि दोन सुरांचा तोल बिघडतो. माणसाचे बोलणे एवढ्याने कळायचे थांबत नाही. पॅकेट मात्र मरते. मोजायचे उपकरण नसेल तर दुसऱ्या रेडिओवर ऐकत पातळी हळूहळू चढवावी. ऐकू येणारा आवाज वाढायचा थांबला की तिथून ती बरीच खाली आणावी. संगणकातली आवाज 'सुधारणारी' सगळी सोय बंद ठेवावी. सूचनांच्या घंटीसाठी वेगळे साउंड कार्ड निवडावे, नाहीतर प्रत्येक ईमेलची टिंग हवेत जाईल.

दुसरी गोष्ट वेळेची. कळ दाबल्यावर प्रक्षेपक स्थिर व्हायला आणि पलीकडचा रेडिओ जागा व्हायला थोडा अवधी लागतो. त्यासाठी साधारण ३०० मिलिसेकंद थांबा ठेवतात. तेवढ्यात ४५ अक्षरे गेली असती, म्हणून जम बसल्यावर तो थोडाथोडा कमी करून पाहावा. आपल्याकडे ऐकताना स्क्वेल्च, म्हणजे संदेश नसताना रेडिओ गप्प ठेवणारी सोय, उघडाच ठेवावा. नाहीतर तो उघडेपर्यंत पॅकेटचे डोके कापले जाते. हातातल्या रेडिओची बॅटरी वाचवणारी सोयही याच कारणासाठी बंद करावी.

या यंत्रणेतला मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे तिची शिस्त. वाहिनी एकच, केंद्रे अनेक. म्हणून प्रत्येक केंद्र आधी ऐकते. वाहिनी मोकळी झाली की वाट पाहणारे सगळे एकदम सुटू नयेत, म्हणून प्रत्येकाचे सॉफ्टवेअर फासा टाकल्यासारखे करते. नेहमीच्या मांडणीत दर १०० मिलिसेकंदांनी चारात एक अशी संधी असते. दान पडले तर बोलायचे, नाहीतर पुन्हा थांबायचे. अर्थात सह्याद्रीच्या एकाच डोंगराच्या दोन बाजूंना असलेल्या केंद्रांना एकमेकांचे ऐकूच येत नाही. त्यांची पॅकेटे माथ्यावरच्या रिपीटरपाशी टकरतात, आणि त्यावर पुन्हा पाठवणे हाच उपाय.

भारताचाही या कामाला हातभार आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये 'ॲस्ट्रोसॅट'बरोबर इस्रोच्या पीएसएलव्हीने इंडोनेशियाचा लापान-ए२ हा उपग्रह सोडला. हौशी रेडिओची पॅकेटे झेलून परत पाठवणारे यंत्र त्यावर बसवलेले होते.

प्रक्षेपणाला परवाना लागतो आणि मजकूर गुप्त संकेतात पाठवता येत नाही. जे जाईल ते सर्वांना वाचता येईल असेच. परवान्याआधी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. १२ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही ती देता येते. घरात सातवी-आठवीतले, तारा आणि सोल्डरमध्ये रमणारे मूल असेल, तर त्याला या परीक्षेला जरूर बसवा आणि जमल्यास स्वतःही बसा.