हापूसमध्ये साका का होतो?

पेटीतला आंबा बाहेरून केशरी, घमघमाट घरभर. कापला तर कोयीभोवती पांढरट, भुसभुशीत, आंबट गर. कोकणात याला साका म्हणतात. आमच्याकडे आई लगेच म्हणते, "कच्चाच पाडलाय मेल्यांनी!" गंमत म्हणजे प्रकार बहुतेक वेळा उलटा असतो. फळ झाडावर जास्त दिवस राहिलं की साक्याचं प्रमाण वाढतं.

तक्रार जुनीच आहे. मुंबई इलाख्यातून युरोपला आंबे पाठवून पाहिले गेले, त्यावरच्या १९३४च्या अहवालातही साक्याची नोंद आहे. पुढे बरीच वर्षं मुख्य संशय उन्हावर आणि तापलेल्या जमिनीवर होता. झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन केलं की साका कमी होतो, हेही दिसलं होतं.

मग लक्ष गेलं कोयीकडे. गहू, हरभरा यांचं बी पिकताना वाळतं आणि पेरेपर्यंत झोपून राहतं. आंब्याचं बी तसं नाही. ते ओलंच राहतं, पूर्ण वाळवलं तर मरतं. म्हणजे ते कायम रुजायच्या तयारीत! बेंगळूरुच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की साक्याच्या फळात बी झाडावरच रुजायची तयारी सुरू करतं आणि त्यासाठी शेजारच्या गरातलं पाणी ओढून घेतं. त्या भागात पिष्टमयाची नीट साखर होत नाही, आम्लही उतरत नाही. म्हणून गर पांढरा आणि आंबट.

यावर बागायतदारांचा उपाय म्हणजे फळ 'चौदा आणे' तयार झाल्यावर काढायचं आणि आढीत पिकवायचं. सोळा आण्यांची वाट पाहिली तर साक्याचा धोका. बारा आण्यांना काढलं तर गोडी आणि स्वाद कमी. मधली फट अगदी अरुंद असते.

दुसरा उपाय संकराचा. नीलम आणि हापूस यांच्यापासून वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात तयार झालेला 'रत्ना' १९८१मध्ये आला. त्यात साका होत नाही. पण बाजार हापूसच मागतो, त्यामुळे जोखीम बागायतदाराच्याच गळ्यात. साका बाहेरून दिसत नाही. त्यालाही नाही, आपल्यालाही नाही.

तेव्हा पुढच्या वेळी साका निघाला, तर शिव्या घालण्याआधी कोयीकडे एकदा बघा. बी बिचारं आपलं काम करत होतं, फक्त जरा घाईने.