सकाळी काकडी, संध्याकाळी दुधी

बुलढाणा जिल्ह्यात घाटावरची हवा वेगळी आणि घाटाखालची वेगळी. चिखली-मेहकरकडे मे महिना कसाबसा निभतो. खामगाव-मलकापूरला दुपारी गच्चीवर अनवाणी पाय ठेववत नाही. तरी दोन्हीकडे आता रंगाच्या रिकाम्या बादल्यांत आणि अर्ध्या कापलेल्या ड्रमांत भाजी दिसते. २० लिटरची बादली वांग्याच्या एका झाडाला पुरते, दुधीला ड्रमच हवा. नुसती काळी माती मात्र बादलीत चालत नाही. सुकली की ती आक्रसते, कडेला फट पडते आणि घातलेलं पाणी मुळांना न भिजवता खाली निघून जातं. तिच्यात शेणखत आणि कुजलेला पालापाचोळा सढळ हातानं मिसळावा लागतो.

माती जमली, वेल चढला, फुलंही भरपूर आली. पण बोटाएवढा दुधी पिवळा पडून गळतो. पहिला संशय किडीवर जातो आणि फवारणी सुरू होते. पुष्कळदा त्या फुलापर्यंत पराग पोचलेलाच नसतो. दुधीची नर आणि मादी फुलं वेगळी. मादी फुलाच्या मागे इवलासा दुधी असतो, नर फूल लांब देठावर नुसतंच. ही पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, पतंगांच्या वेळेला. उंच गच्चीवर पतंग फिरकले नाहीत, तर दिवेलागणीला नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि पराग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. काकडीचं हेच काम सकाळी, ऊन चढायच्या आत.

जिल्ह्याला हे काम नवं नाही. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा भागात शेडनेटमध्ये संकरित भाजीपाल्याचं बियाणं तयार होतं. तिथे बायका चिमट्यानं कळी उघडून पुंकेसर काढतात, मग दुसऱ्या वाणाचा पराग त्या फुलाला लावतात. एकेक फूल, असं सगळं शेत. ती बोटं चालताना पाहिली की गच्चीवर आपणहून येणाऱ्या माशीची किंमत कळते.

तिच्यासाठी तुळशीच्या थोड्या मंजिऱ्या राखाव्यात. एका कुंडीतला सांभार न खुडता फुलावर येऊ द्यावा, जोडीला सब्जा आणि एकेरी पाकळ्यांचा झेंडू. फुलोरी माश्या तुळशीवर लगेच येतात. वांग्याला मात्र त्यांचा फारसा उपयोग नाही. त्याच्या पुंकेसरांना टोकाशी बारीक छिद्रं असतात, पराग हलवून पाडावा लागतो. मोठा काळा भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची एकांडी माशी फुलाला बिलगून सगळं अंग थरथरवते, तेव्हा पराग झरतो. ती गुणगुण दोन हातांवरून ऐकू येते. मला ती फार आवडते.

मावा आला की निंबोळी अर्क मारावाच लागतो, आणि तो संध्याकाळी मारा असं सर्रास सांगतात. काकडीला ते बरोबर, तिची फुलं तोवर मिटलेली असतात. दुधीची तर तेव्हाच उघडतात. त्याच्यावर फवारा सकाळी, फुलं कोमेजल्यावर, पानांच्या मागच्या बाजूनं आणि शेजारच्या काकडीच्या फुलांवर तुषार जाणार नाहीत एवढं बघून.