दोन ग्राफिक्स कार्डांसाठी कॅबिनेट निवडताना

कॅबिनेट मोठे घेतले की दोन ग्राफिक्स कार्डे आपोआप मावतील, असा समज सर्रास आढळतो. तो स्वाभाविकही आहे. दुकानात नजरेत भरते ती पेटीची उंची. खरा निकष मात्र मागच्या पत्र्यावर असतो. तिथल्या आडव्या खाचा म्हणजे एक्स्पान्शन स्लॉट (कार्डाची जोडणीची बाजू जिथून बाहेर येते ती जागा). लगतच्या दोन खाचांमधले अंतर ठरलेले आहे : २०.३२ मिलिमीटर.

एसटीतल्या तिघांच्या बाकावर दोन धिप्पाड माणसे बसली, की तिसऱ्याला जागा उरत नाही. गाडी कितीही लांब असो. आजची ताकदवान कार्डे अशीच ऐसपैस. हीटसिंकमुळे (उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या) ती दोन-तीन, क्वचित त्याहून जास्त खाचा अडवतात.

गोची पुढेच आहे. एटीएक्स (मदरबोर्डचे प्रचलित माप) रचनेत ७ खाचा धरलेल्या असतात. मदरबोर्डवरची दुसऱ्या कार्डाची जागा सातव्या खाचेसमोर असेल, तर दोन खाचांच्या कार्डाला आठवी लागते. सात खाचांचे कॅबिनेट तिथे कुचकामी, मग ते कितीही महाग असो.

लांबीही पाहावी. एनव्हिडियाचे स्वतःचे आरटीएक्स ४०९० कार्ड ३०४ मिलिमीटर लांब आणि ३ खाचा जाड आहे. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला रेडिएटर (पाण्याने थंड करणाऱ्या यंत्रणेची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) लावल्यास लांबीची जागा आणखी घटते. शिवाय वरच्या कार्डाचे पंखे बहुधा खालच्याच्या पाठीकडे तोंड करून असतात, म्हणून मध्ये निदान एक खाच मोकळी हवी.

तेव्हा आधी मदरबोर्डची माहितीपुस्तिका आणि कार्डांची जाडी तपासा. कॅबिनेट शेवटी घ्या.