टेगू कसा माणसाळतो?

दक्षिण अमेरिकेतील ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वे इत्यादी देशांत आढळणारा काळापांढरा टेगू दिसावयास घोरपडीसारखा असला, तरी त्याचे कुळ निराळे होय. पूर्ण वाढलेला नर सुमारे ४ फूट लांब भरतो.

टेगू माणसे ओळखतो ती मुख्यतः गंधावरून. दुभंगलेल्या जिभेने तो गंधाचे कण टिपतो व टाळूतील इंद्रियाकडे पोहोचवितो. म्हणून जाणता पाळणारा आपले वापरलेले वस्त्र त्याच्या निवाऱ्यात ठेवतो आणि कित्येक दिवस नुसता जवळ बसून राहतो. बळाने धरल्यास टेगू शेपटीचा तडाखा देतो, प्रसंगी चावतोही. पुरेसे ऊन व कॅल्शियम न मिळाल्यास त्याची हाडे मऊ पडतात. हिवाळ्यात तो कित्येक महिने बिळात निपचित पडून राहतो. तो आजार नव्हे.

मात्र कंटाळा आला म्हणून त्याला रानात सोडणे घातक ठरते. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात सुटलेल्या टेगूंची रानात वाढ झाली व ते पक्ष्यांची आणि मगरींची अंडी फस्त करू लागले. अखेर २०२१ साली त्या राज्याने घरी नवे टेगू पाळण्यास मनाई केली. टेगू पंधरा वर्षांहूनही अधिक जगू शकतो. त्याचा विश्वास संपादन करणाऱ्याने तितकी वर्षे तो निभावण्याची तयारी आधीच ठेवावयास हवी.