आजारी मुलांची चित्रकादंबरी

चित्रकादंबरी म्हणजे कॉमिकच्या चौकटींतून सांगितलेली सलग, पुस्तकभर गोष्ट. सीसी बेल यांची ‘एल डेफो’ (2014) हे तिचं ठळक उदाहरण. चौथ्या वर्षी मेंदुज्वरानं लेखिकेची श्रवणशक्ती गेली. त्या बालपणाची ही गोष्ट. पात्रं सगळी ससे, म्हणजे लांब कानांची! श्रवणयंत्राची बॅटरी उतरू लागली की संवादाच्या फुग्यातली अक्षरं फिकी होत जातात आणि शेवटी फुगा कोरा उरतो. ऐकू न येणं वाचकाला डोळ्यांनी कळतं. रेना टेल्गेमायर यांच्या ‘घोस्ट्स’ (2016) मध्ये सिस्टिक फायब्रोसिस हा आजार असलेली धाकटी माया आहे; गोष्ट सांगते तिची थोरली बहीण. त्यामुळे घरातल्या निरोगी भावंडाची घालमेलही समोर येते.

अशा गोष्टीची गरज आपल्याकडेही आहे. नाशिक जिल्ह्याच्या सुरगाणा, पेठसारख्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. पाणी कमी पडलं, थंडी बाधली की त्रास वाढतो. हे सारं चौकटींत किती सोपं दिसेल!

कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमानं नाशिकहून पुस्तकांच्या पेट्या दूरवर पोचवल्या. अशा पेटीत सिकलसेलवरची मराठी चित्रकादंबरीही हवी. चित्रकार, डॉक्टर आणि शिक्षकांनी मिळून ती करावी. मात्र आधी सिकलसेल असलेल्या मुलांचं ऐकावं.