पोर यंत्राशी उभे राहण्याआधी शाळेत धडा हवा

दिवाळीची सुट्टी लागते, त्याच सुमारास सोयाबीनची मळणी जोरात असते. मजूर मिळत नाहीत, यंत्रवाल्याची पाळी रात्री येते. मग नववी-दहावीतला आपला मुलगा पेंढ्या देता देता कधी यंत्राच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो, हे कळतही नाही. आपण कौतुकाने म्हणतो, ‘पोरगं हाताशी आलं!’ पण शेतकरी बंधूंनो, खरं सांगा, यंत्रात घास कसा टाकायचा आणि हात कुठवर न्यायचा, हे त्याला कुणी कधी शिकवलं होतं का?

नाही. तो बघून शिकला. आपणही बघूनच शिकलो. त्यामुळे आपल्या चुकाही त्याच्या अंगवळणी पडतात. बांधावर बसून जे शिकवणे होत नाही, ते शाळेने हंगामाआधी शिकवावे, एवढेच आमचे सांगणे आहे.

कायदा काय म्हणतो, तेही पाहा. बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली. त्यानुसार 14 वर्षांखालील मुलाला घरच्या शेतातसुद्धा धोक्याच्या कामाला लावता येत नाही. म्हणजे धडा द्यायचा तो मुलाला यंत्रावर उभे करण्यासाठी नव्हे. कुठे उभे राहायचे नाही, हे त्याला आधी कळावे आणि उद्या यंत्र हाती आले की सवय चांगली असावी, यासाठी.

शाळेत असे शिकवणे जमते का? जमते. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून आठवी ते दहावीच्या मुलांना हाताने काम करत शिकवण्याचा अभ्यासक्रम राज्यातल्या अनेक शाळांत गेला. वेल्डिंग, वायरिंग, शेती ही कामे मुले त्यात करतात. वेल्डिंग शिकायचे तर डोळ्यांपुढे काळी काच आधी, ठिणगी नंतर. हीच शिस्त शेतीकामाला लावायची आहे. त्यासाठी वर्षाला चार तास पुरे.

पहिला तास फवारणीचा, जुलैमध्ये. औषधाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण मुलांना वाचता आला पाहिजे. लाल म्हणजे अतिविषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. कमी म्हणजे निर्धोक नव्हे! वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये, तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये, फवारणी चालू असताना काही खाऊ नये. विषबाधा झाली तर कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि दवाखान्यात जाताना डबा सोबत न्यावा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात डोक्याएवढ्या कपाशीत फवारणी करताना शेकडो लोकांना विषबाधा झाली, वीसहून अधिक माणसे दगावली. ते विसरून चालणार नाही.

दुसरा तास विजेचा. ओल्या हाताने स्टार्टरला हात लावायचा नाही. कुणी तारेला चिकटला तर धावत जाऊन त्याला धरायचे नाही, आधी मेन स्विच पाडायचा. नाहीतर एकाच्या जागी दोन जीव जातात. हा तास गावच्या वायरमननेच घ्यावा.

तिसरा तास मळणी यंत्राचा, दिवाळीच्या सुट्टीआधी. बंद यंत्र शाळेच्या आवारात आणून दाखवा. घास टाकायचे तोंड किमान 90 सेंटिमीटर लांब हवे आणि त्यातला 45 सेंटिमीटर भाग वरून झाकलेला हवा, म्हणजे हात दात्यांपर्यंत पोचत नाही. तोंड आखूड असेल तर ते यंत्र गावात येऊ देऊ नका. उपरणे, ओढणी, मोकळी वेणी पट्ट्याजवळ नको. अडकलेला घास यंत्र थांबवल्याशिवाय काढायचा नाही.

चौथा तास ट्रॅक्टरचा. मडगार्डवर बसायचे नाही, फिरत्या शाफ्टवरून ओलांडायचे नाही. मुलींनाही या चारही तासांना बसवा. शेतात त्या आपल्यापेक्षा कमी राबत नाहीत.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि मुख्याध्यापक मंडळींना विनंती आहे की हा विषय 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत घ्या. शाळा व्यवस्थापन समितीने तारखा ठरवाव्यात. कृषी विभागाचे कर्मचारी, वायरमन, आरोग्य सेविका आणि गावातला एखादा जाणता ट्रॅक्टरचालक, एवढी माणसे पुरेत. खर्च म्हणाल तर चहापाण्याचा!

शेतकरी अपघात अनुदानाची शासनाची योजना आहे. 10 ते 75 वर्षे वयाच्या व्यक्तीला तिचा लाभ मिळतो. मृत्यू झाल्यास 2 लाख रुपये, एक हात गेल्यास 1 लाख. हक्काचे पैसे आहेत, वेळ आली तर जरूर घ्यावेत. पण दहावीच्या परीक्षेत ज्या हाताने पेपर लिहायचा, तो हात लाखात परत येत नाही. तेव्हा यंदा पेंढ्या गोळा करण्याआधी मुलाला विचारा, ‘घास अडकला तर काय करशील?’ ‘आधी यंत्र बंद करीन’ असे उत्तर आले, तर शाळेने आपले काम केले असे समजा.